पुढे चाल

रेसक्लबच्या सेक्रेटरींनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी गळ्यात पडणार. एकोणसाठाव्या वर्षी माणसाला केबिनमध्ये बोलावतात ते एक तर निरोप द्यायला, नाहीतर बाकी सगळ्यांनी नको म्हटलेलं काम द्यायला. माझ्या निरोपाला अजून सात महिने होते.

"शिंगरांच्या शर्यतीचा इतिहास लिहायचा आहे," ते म्हणाले. "साठ-सत्तर पानं. फोटो भरपूर. यंदा पंचाहत्तरावी शर्यत, तेव्हा जरा दणक्यात करू."

कागदावर तिचं नाव लांबलचक आहे, कुणा जुन्या अध्यक्षांच्या नावाचा करंडक वगैरे. पण तबेल्यापासून तिकीटखिडकीपर्यंत सगळे तिला शिंगरांची शर्यतच म्हणतात. वर्षातून एकदा, सपाट मैदानावर सहा फर्लांग, म्हणजे सुमारे बाराशे मीटर, आणि धावणारे सगळे घोडे दोन वर्षांचे. जातिवंत घोड्यांचा वाढदिवस सगळ्यांचा एकाच दिवशी धरतात, वर्षाच्या पहिल्या तारखेला, मग खरा जन्म फेब्रुवारीतला असो की मे महिन्यातला. त्यामुळे दोन वर्षांची म्हणून उभी केलेली काही शिंगरं अंगापिंडाने भरलेली असतात, आणि काहींचे पाय कुठे ठेवायचे हे अजून त्यांचं त्यांनाच ठरवता येत नसतं. मजा त्यातच आहे, असं लोक म्हणतात. मला मात्र चाळीस वर्षांत ती मजा कधी धड बघायला मिळाली नाही, कारण शर्यतीच्या वेळी मी कुठल्यातरी खोलीत बसून कुठलंतरी रजिस्टर लिहीत असते.

"मीच का?" मी विचारलं.

"तुम्ही इथल्या सगळ्यात जुन्या."

ही पदवी आता मला टेबलखुर्चीबरोबर मिळालेली आहे. सेक्रेटरी स्वतः दोन वर्षांपूर्वी आले. त्याआधी एका मोठ्या हॉटेलचे व्यवस्थापक होते. माणूस वाईट नाही. घोड्याच्या मागून जाऊ नये, एवढं त्यांना आता कळलेलं आहे.

"आणि हॉलमधला विजेत्यांचा फलक बदलतोय," ते पुढे म्हणाले. "जुन्यावर नुसते घोडे आणि मालक आहेत. नव्यावर जॉकींची नावंही घालणार. रंगाऱ्याला यादी पुढच्या शुक्रवारी हवी."

मी तोवर नाही कसं म्हणावं याची जुळवाजुळव करत होते. हे ऐकलं आणि ती सोडून दिली. कारण जॉकींच्या त्या यादीत एक नाव माझ्या दादाचं असणार होतं.

जुनी रजिस्टरं वजनखोलीच्या, म्हणजे जॉकींचं वजन घेतात त्या खोलीच्या, वरच्या मजल्यावर ठेवलेली आहेत. खोलीला एकच खिडकी, तीही अर्ध्यावर अडकलेली. पहिल्या दिवशी मी एवढ्या शिंका दिल्या की खालून शिपाई वर बघायला आला. मी त्याला म्हटलं, इतिहास लिहितेय, घाबरू नकोस.

पहिली शर्यत जेवणाच्या टेबलावरच्या भांडणातून निघाली. पाच मालक, आणि प्रत्येकाचं म्हणणं की आपल्याइतकं चपळ शिंगरू जन्मालाच आलेलं नाही. मग पाचही उभी केली. एक निशाण पडताच उलट दिशेने गेलं. एक मैदानाच्या कडेच्या तळ्यात उतरलं आणि शर्यत संपेपर्यंत निवांत पाणी पीत उभं राहिलं. पंच एका घोडागाडीवर खुर्ची ठेवून बसले होते, आणि ऐन निकालाच्या वेळी गाडीचा घोडाही हुरूप येऊन पुढे निघाला. त्यामुळे पहिल्या शर्यतीचा विजेता किती अंतराने जिंकला, याच्यापुढे "सुमारे" असं लिहिलेलं आहे. हे मी पुस्तकात जसंच्या तसं घेतलं. इतिहासात खरं बोलायची संधी अशी रोज मिळत नाही.

पुढे तीन वर्षं युद्धामुळे शर्यत झालीच नाही, मैदानात लष्कराचे तंबू होते. एका वर्षी सगळ्यांच्या पुढे असलेलं शिंगरू कुंपणाजवळ वाळत घातलेली चादर बघून जागच्या जागी थांबलं आणि चौथ्या नंबरावर धावणारं पहिलं आलं. एका वर्षी दोन घोड्यांची नाकं एकाच वेळी रेषेवर आली, आणि दोन्ही मालक मरेपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. हे सगळं वाचताना सुरुवातीला बरं वाटलं. मग हळूहळू कंटाळा चढायला लागला. कारण मी प्रत्येक विजेत्याचं पुढे काय झालं तेही शोधत होते, आणि बहुतेकांचं काहीच झालं नव्हतं. दोन वर्षांचा असताना वाऱ्याशी खेळणारा घोडा तिसऱ्या वर्षी पाचवा येतो, चौथ्या वर्षी नववा, मग रजिस्टरात त्याच्यापुढे एक रेघ येते. त्या रेघेनंतर तो कुठे गेला, कुणी त्याला चारा घातला की नाही, हे लिहायला आमच्याकडे रकाना नाही. वीसेक नावं तपासून झाल्यावर मी तो नाद सोडला. पुस्तकात लिहिलं, "अनेकांनी पुढेही उत्तम कामगिरी केली." हे मात्र खरं नाही.

पस्तिसाव्या शर्यतीपाशी मी आले तेव्हा पान उलटायच्या आधीच मला ते पाठ होतं. एक्केचाळीस वर्षांपूर्वी इथल्या तबेल्यांमध्ये घोड्यांना खोकल्याची साथ आली. सोळा शिंगरांची नावं दिलेली होती. रोज एकदोन नावं मागे घेतली जात होती. शर्यतीच्या दिवशी सकाळी एकच घोडी उरली, तीही लांबच्या एका लहान तबेल्यातली, जिथे साथ पोचलीच नाही. समोर दुसरा कोणी नसला की आपल्याकडे खेळाडूला "पुढे चाल" देतात. घोड्यांच्या शर्यतीत ती घरबसल्या मिळत नाही. घोडीवर खोगीर चढवावं लागतं, जॉकीला काट्यावर वजन द्यावं लागतं, घोडी सुरुवातीच्या जागेपासून पंचांच्या खांबापर्यंत आणावी लागते, चालत आणली तरी चालते, आणि परत येऊन जॉकीला पुन्हा वजन द्यावं लागतं. मग ती जिंकली.

त्या तबेल्याचा मुख्य जॉकी म्हणाला, एकट्याने धावायला मी कशाला येऊ, माझी अब्रू जाईल. तेव्हा सकाळच्या सरावाला घोडे पळवणारा एक बावीस वर्षांचा पोरगा खोगिरावर बसवला. तो आमचा दादा. चालत न्यायची घोडी त्याने पूर्ण वेगात पळवत आणली. स्टँडमध्ये चिटपाखरू नव्हतं.

त्यानंतर तो सहा वर्षं जॉकी होता. कधी तिसरा आला, कधी चौथा, बहुतेकदा नुसता आला. मग एका पडण्यात कंबर मोडली आणि तो विषय संपला. म्हणजे आयुष्यात तो एकच शर्यत जिंकला, आणि तीही ही. तबेल्यात त्याचं नावच पडलं पुढेचाल. "काय पुढेचाल, आज कुणाला हरवलंस?" असं लोक विचारायचे. एकटाच धावला आणि पहिला आला, हा विनोद आमच्या घरी इतक्या वेळा झाला की पाहुणे आले की आम्ही तो चहाबरोबरच द्यायचो. दादा स्वतः सगळ्यात मोठ्याने हसायचा.

यंदाच्या शर्यतीची मोकळी ओळ धरून मी यादी पूर्ण केली आणि मोजली. शहात्तर. पुन्हा मोजली. शहात्तरच. पंचाहत्तरावी शर्यत गेल्या वर्षीच होऊन गेली होती आणि कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

सेक्रेटरींचा चेहरा बघण्यासारखा झाला. निमंत्रणं गेलेली होती. करंडकावर आकडा कोरून आलेला होता. त्यांनी यादीवरून बोट फिरवलं आणि पस्तिसाव्या शर्यतीवर थांबले.

"हे पुढे चाल म्हणजे काय?"

मी सांगितलं.

"म्हणजे शर्यत झालीच नाही," ते म्हणाले, आणि त्यांचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. "मग ही काढून टाका. पंचाहत्तर बरोब्बर."

"त्यातला जॉकी माझा सख्खा भाऊ आहे."

"अरे वा. मग तर घरचंच काम. तुम्ही समजावलं तर ते ऐकतील."

मी म्हटलं की नियमाप्रमाणे ती शर्यतच आहे. नियमाला ते घाबरतात, हॉटेलातही घाबरत असतील. ते म्हणाले, ठीक आहे, सगळं नियमाप्रमाणे झालं असं कागदावर दाखवा, शुक्रवारपर्यंत. नाही दाखवलंत तर नाव नाही.

वहिनी गेल्यापासून दादा माझ्याकडे राहतो. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. त्याला जिने चढायला त्रास होतो, म्हणून मी वरचं मोठं घर सोडून तळमजल्याचं हे घेतलं, आणि त्याबद्दल त्याला आठवड्यातून एकदा तरी ऐकवते. माझं लग्न झालं नाही. त्याचीही एक गोष्ट आहे, पण ती माझ्या निवृत्तीनंतर.

नव्या फलकाचं मी त्याला आधीच सांगून बसले होते. ती माझी चूक. तेव्हापासून तो रोज काहीतरी विचारायचा. अक्षरं सोनेरी असणार का? नाव आधी की आडनाव? फलक दारासमोर लागणार की खिडकीकडच्या भिंतीवर? त्या दिवशी मी घरी आले तर तो कपाटातला कोट काढून खिडकीत धरून बघत होता, कुठे कसर लागलीय का म्हणून.

मी चप्पल काढता काढता सांगून टाकलं. अशा गोष्टी बसून सांगितल्या की जास्त जड होतात.

"काढतायत?" तो म्हणाला.

"म्हणतायत. मी बघते."

"बरोबरच आहे त्यांचं. एकटाच तर धावलो होतो." तो हसला. मी पण हसले, सवयीने. मग त्याने कोट परत कपाटात लावला, आणि हँगर दांडीला अडकेना म्हणून बराच वेळ तिथेच पाठमोरा उभा राहिला. जेवताना त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि ताटात तसाच ठेवला. त्रेसष्ट वर्षांचा माणूस नाराज झाला की काय करतो हे मला ठाऊक होतं, पण याला मी नाराज झालेला कधी पाहिलाच नव्हता. त्याच वेळी माझ्या मनाने घेतलं, की हे नाव लागलंच पाहिजे. मी फार दमलेली बाई आहे, पण हे नाव लागलंच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी मी वजनखोलीचं त्या वर्षीचं रजिस्टर काढलं. त्यात दोन रकाने असतात, "जाताना" आणि "आल्यावर". जॉकी खोगिरासकट काट्यावर उभा राहतो, शर्यतीआधी एकदा आणि नंतर एकदा. दोन्ही आकडे जुळले म्हणजे वाटेत कुणी खोगिरातलं शिसं फेकून घोड्याचं ओझं कमी केलं नाही, हे सिद्ध होतं. काम सोपं आहे, म्हणूनच नव्या कारकुनाला देतात.

पस्तिसावी शर्यत. जाताना, चौपन्न किलो. आल्यावर, काहीच नाही. रकाना कोरा. आणि शेजारचा चौपन्न माझ्या अक्षरात होता.

तेव्हा मी अठराची होते आणि नोकरीला लागून तीन आठवडे झाले होते. रजिस्टर मांडीवर घेऊन मी तिथेच स्टुलावर बसले, आणि मला सगळं आठवलं. विसरलेलं नव्हतंच, फक्त कधी नीट बघितलं नव्हतं. वजनमास्तर चहाला गेलेले. खोलीत मी आणि घोडे सांभाळणारे दोन मोतद्दार. दादा दारातून आत आला, खोगीर हातावर घेतलेलं, छातीपर्यंत चिखल उडालेला, धापा टाकत. काट्यापाशी येऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि माझ्याकडे बघत राहिला. आणि मी म्हटलं, "एकटाच धावलास आणि पहिला आलास! आता वजन कशाला? जा, कोण चोरतंय तुझं वजन!"

मोतद्दार खो खो हसले. दादाही हसला. एक क्षण उशिरा, पण हसला. आणि खोगीर घेऊन निघून गेला. मला वाटलं होतं, एकच घोडी असल्यावर परत कसलं वजन. मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मी कुणाला विचारलं नव्हतं.

म्हणजे घरीदारी चाळीस वर्षं चाललेला तो विनोद पहिल्यांदा मीच केला होता. आणि त्या विनोदापायी त्याची एकुलती एक शर्यत कच्ची राहिली होती.

खोटं कशाला बोलू, टेबलाच्या खणात जुन्या शाईची बाटली होती. अक्षर माझंच होतं. कोऱ्या जागेत चौपन्न लिहायला मला कितीसा वेळ लागला असता? मी बाटली हलवूनही बघितली. शाई वाळून दगड झाली होती. ती ओली असती तर मी काय केलं असतं, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

मग एवढी मोठी चूक तेव्हा कुणाला दिसलीच नाही का, असा प्रश्न पडला, आणि मी स्टुअर्डांची चौकशीवही शोधली. शर्यतीतल्या तक्रारींचा निवाडा ते करतात. दोन कपाटं उपसल्यावर ती सापडली. दुसऱ्याच दिवसाच्या तारखेखाली चार ओळी होत्या. आल्यावरचे वजन नोंदलेले नाही. जॉकीस बोलावले. जॉकीने सांगितले की तो वजन देण्यास विसरला, चूक सर्वस्वी त्याची आहे. दुसरा घोडा नसल्याने कोणाचेही नुकसान नाही, सबब निकाल कायम, जॉकीस सक्त ताकीद.

निकाल कायम. हे दोन शब्द मला हवे होते आणि ते मिळाले. पण मला त्यांच्या वरची ओळच दिसत राहिली. त्याला चौकशीला बोलावलं होतं, हे त्याने घरी सांगितलं नव्हतं. ताकीद मिळाली, हेही नाही. त्या तबेल्याच्या ट्रेनरने नंतर त्याला चांगला घोडा कधी दिला नाही, तेव्हा आम्ही सगळे म्हणायचो, दादाचं नशीबच नाही. आणि तो तिथे उभा राहून माझी चूक स्वतःवर घेऊन आला होता, कारण मी नोकरीला लागून तीन आठवडेच झाले होते. मी रडले. शिपाई परत वर आला. मी त्याला सांगितलं, धूळ आहे.

सेक्रेटरींनी ती ओळ दोनदा वाचली. स्टुअर्डांनी एकदा दिलेला निकाल नंतर कुणालाही फिरवता येत नाही, हे मी नियमाचं पुस्तक उघडून दाखवलं. ते बराच वेळ करंडकावरच्या आकड्याकडे बघत बसले.

"यादीत सगळी नावं घाला," ते शेवटी म्हणाले. "वर पंचाहत्तर लिहा. कोण मोजत बसतंय?"

"मी बसले होते."

"तुमच्याशिवाय कोण?" ते म्हणाले, आणि यादी माझ्याकडे सरकवली.

शुक्रवारी यादी रंगाऱ्याकडे गेली. त्याच दिवशी मी पुस्तकात पस्तिसाव्या शर्यतीखाली दोन वाक्यं जास्तीची लिहिली. वजनखोलीतल्या कारकुनाने, म्हणजे प्रस्तुत लेखिकेने, जॉकीला थट्टेने परत पाठवल्यामुळे वजनाची नोंद राहून गेली. जॉकीचा यात काहीही दोष नव्हता. सात महिन्यांत निवृत्त होणाऱ्या बाईला कोण ताकीद देणार होतं?

छापखान्यातून कच्ची पानं आली ती मी रविवारी घरी आणली. दुपारची वेळ होती. दादाने चष्मा पुसला, पान जवळ धरलं, लांब धरलं, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाकून वाचायला लागला. स्वतःच्या नावावर तो बराच वेळ थांबला. मी भांडी विसळत होते. मग तो खालच्या दोन वाक्यांवर आला.

"हे काय लिहिलंयस?"

"खरं ते."

"हे खरं नाही. काढ."

मी हात पुसले आणि समोर बसले. म्हटलं, चौकशीवही वाचलीय मी. माझ्यासाठी खोटं बोललास, माझी नोकरी वाचवलीस, ट्रेनरची नाराजी घेतलीस आणि एवढी वर्षं तोंडातून अवाक्षर काढलं नाहीस. बोलताना माझा आवाज चढला. उपकार एवढे जुने झाले की त्यांचा रागच येतो.

दादाने हातातलं पान खाली ठेवलं.

"मी? तुझ्यासाठी?" तो म्हणाला. "एवढा चांगला मी कधी होतो गं?"

"मग?"

"विसरलो होतो. खरंच विसरलो होतो. तिथे मी जे सांगितलं ते अगदी खरं होतं."

"विसरला कसा होतास? खोगीर घेऊन आत आलास तू. काट्यापाशी, माझ्यासमोर उभा होतास."

"हो. पण वजनासाठी नाही." त्याने चष्मा काढला आणि काड्या मिटायला लागला. एक मिटली, दुसरी मिटेना. "पहिल्यांदा जिंकलो होतो गं मी. वजनबिजन कुठलं डोक्यात. आई गेलेली. बाबांनी येत नाही म्हणून सांगितलेलं. स्टँड रिकामा. तिथे माझं असं कोण होतं? तू होतीस. म्हणून आलो होतो. सांगायला."

नळ टपकत होता. मी उठून तो बंदही केला नाही.

मला जे वाटलं त्याला लाज म्हणतात. चूक केल्याची लाज नव्हे. चूक मी छापून मोकळी झाले होते, जरा मिरवलीही होती. लाज याची वाटली की तो माझ्यासमोर येऊन उभा होता, मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, आणि मला वाटलं की हा नियमासाठी आलाय. आणि त्या रविवारपर्यंतही मला तसंच वाटत होतं. चाळीस वर्षं घोड्यांची, माणसांची वजनं लिहून मला एवढंच बघायला येत होतं.

माफी मागावी म्हणून मी तोंड उघडलं, पण त्याला ती नकोच होती. त्याने पान माझ्याकडे सरकवलं, त्या दोन वाक्यांवर बोट ठेवून. मी पेन्सिल घेतली आणि ती खोडली. मग जे सुचलं ते अठराव्या वर्षी सुचायला हवं होतं.

"दादा, कशी धावली रे ती?"

तो गोंधळला. हे त्याला कधी कुणी विचारलंच नव्हतं. मग तो खुर्चीत जरा सरळ झाला, कंबर दुखत असतानाही, आणि दोन्ही हात टेबलावर असे घेतले की मला लगाम दिसला.

"आधी तर निघेचना," तो म्हणाला. "निशाण पडलं तरी जागची हलली नाही. डावीकडे बघतेय, उजवीकडे बघतेय. बाकीचे येतील म्हणून वाट बघत होती बिचारी." तो थांबला, आणि हसला, आणि या वेळी मीही हसले. "मग मी तिच्या मानेवर हात ठेवला. म्हटलं, चल बाई, कुणी येणार नाही. आज आपण दोघंच आहोत."